महाकाव्याच्या थाटातली हजेरी

एसटीत कंडक्टरनं "कुठं?" म्हणून विचारलं की माणसं गावाचं नाव सांगतात आणि पैसे पुढं करतात. आमचे इंग्रजीचे सर तसं करत नसत. लातूरच्या स्टँडवरून गाडी सुटली की ते कंडक्टरला म्हणायचे, "या धुळीच्या शहरातून निघून, दोन्ही हातांना वाळलेल्या तुरीची रानं ठेवत, जुना किल्ला दिसेपर्यंत कुठंही न रेंगाळता जिथं तुमची ही गाडी दम खायला उभी राहते, त्या औशाचं एक." कंडक्टर बिचारा पंच खटखटवत उभा. एकदा एक जण वैतागून म्हणाला, "सर, तुमचं वाक्य संपेस्तोवर औसा मागं जाऊन राहिला की वो." सगळी गाडी हसली. सर हसले नाहीत. खिडकीतून मान बाहेर काढून औसा खरंच मागं पडल्याची त्यांनी खात्री करून घेतली आणि म्हणाले, "मग पुढच्या थांब्याचं द्या. वाक्य आता नव्यानं रचावं लागेल."

आम्ही त्यांना 'भव्य सर' म्हणायचो, अर्थात पाठीमागं. बी. ए.ला इंग्रजी घेतलेले आम्ही मूठभर, आणि आम्हाला इंग्रजी महाकाव्याचा पेपर शिकवणारे हे एकटे. एखादी गोष्ट आवडली की ते म्हणणार "भव्य!" आणि नाही आवडली की "लहान झालं." कॅन्टीनची भजी भव्य असायची, प्राचार्यांचं भाषण हमखास लहान व्हायचं. माझं शिक्षण चालू राहणार की थांबणार हे ज्या दुपारी ठरलं, त्या दुपारीही हाच माणूस बोलत होता. म्हणून इतक्या वर्षांनी त्यांच्याबद्दल विचार करायला बसले की मला कृतज्ञता नंतर सुचते, आधी प्रश्नच पडतात.

पहिला प्रश्न म्हणजे हे सगळं त्यांना लागलं कुठून? मूळचे नांदेडकडच्या उमरीचे. शिक्षण हैदराबादला, निजामाच्या अमलात, उर्दूतून. भर उन्हाळ्यात अंगात गुडघ्यापर्यंत काळा कोट, आणि बोलण्यात 'लिहाज' आणि 'तकल्लुफ' सारखे शब्द. अशा माणसानं उर्दू शायरीच्या नादी लागावं हे मी समजू शकते. पण इंग्रजी महाकाव्य? मी एकदा धीर करून विचारलंच. ते म्हणाले, "बेटा, उर्दूत बोललो तर गावाकडचे म्हणायचे, हा निजामाचा. मराठीत बोललो तर हैदराबादचे म्हणायचे, हा खेड्यातला. महाकाव्याच्या इंग्रजीत खुद्द इंग्रजसुद्धा बोलत नाही. तिथून मला कोणी हुसकून लावलं नाही." हे ऐकून मी चांगलीच हेलावले होते. नंतर कळलं की वर्गातल्या दुसऱ्या एका मुलानं हेच विचारल्यावर त्यांनी सांगितलं होतं की, हैदराबादच्या लायब्ररीत एकच पंखा चालू होता आणि तो महाकाव्यांच्या कपाटावर होता. यातलं खरं कोणतं, ते आजही मला ठरवता येत नाही. दोन्ही खरी असतील.

आमच्या वर्गाच्या मागच्या भिंतीला लागून डाळ मिल होती. दिवसभर तिचा पट्टा धडधडायचा आणि तुरीचा पिवळा भुसा खिडकीतून बाकांवर येऊन बसायचा. बाकीचे प्राध्यापक खिडक्या लावून घेत. सर त्या उघडायला लावत. महाकाव्याच्या ओळीत यमक नसतं, तिला नुसते पाच ठोके असतात, आणि ते ठोके डाळ मिल फुकटात देते, असं त्यांचं म्हणणं. पट्ट्याच्या तालावर टेबलावर थाप मारत ते ओळीमागून ओळी म्हणत जायचे. मिलची वीज गेली की त्यांचाही आवाज उतरायचा.

महाकाव्यातलं इंग्रजी आम्हाला अवघड जाईल असं विद्यापीठातल्या लोकांना वाटायचं. सरांना ते पटत नसे. "इंग्रज एरवी घाईचा माणूस," ते सांगायचे. "कोणी काय केलं ते आधी सांगून मोकळा होतो. महाकाव्यात मात्र तो तुमच्या आजीसारखा बोलतो. आधी कुठं, मग कशासाठी, मग कुणाच्या देखत, आणि केलं काय ते सर्वांत शेवटी. तुम्हाला कशाला अवघड जाईल?" मग ते एखादं लांब वाक्य फळ्यावर लिहायचे. फळा संपला की शेजारच्या भिंतीवर लिहायचे. शिपाई ती भिंत पुसायला कंटाळला आणि शेवटी त्यानं तिला काळा रंगच देऊन टाकला.

उपमेवर तर त्यांचा विशेष जीव. महाकाव्यातली उपमा दोन शब्दांत आटपत नाही. कवी सैन्याला पाचोळ्याची उपमा देतो आणि मग सैन्य विसरून पाचोळ्याच्याच मागं दहा ओळी हिंडतो. सर आम्हाला तशा उपमा रचायला लावत, पण अट अशी की समुद्र, गरुड, सिंह घ्यायचे नाहीत. "पाहिलेत का तुम्ही? मग?" एकदा एका मुलानं हरलेलं सैन्य आडत बाजारातल्या हमालांसारखं दाखवलं. सौदे आटोपल्यावर रिकाम्या पोत्यांवर आडवे झालेले, एकाची चंची दुसऱ्याच्या हातात, आणि कोणी कोणाला आज किती पोती उचलली ते विचारत नाही. सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग "भव्य!" म्हणाले आणि त्या तासाला पुढं काही शिकवलंच नाही.

ते लग्न न केलेले. तेलाच्या घाण्यामागं एका खोलीत राहायचे. दुष्काळ पडला तसा गल्लीतल्या हातपंपाला रांगा लागल्या. सरही कळशी घेऊन रांगेत उभे राहायचे आणि उभ्या उभ्या ओळी म्हणायचे. नंबर आला तरी त्यांचा उतारा संपलेला नसायचा. मग मागच्या बाया म्हणायच्या, "सर, तुमचं चालू द्या, आम्ही भरून घेतो." सर मान डोलवायचे. अशानं त्यांची कळशी नेहमी सर्वांत शेवटी भरायची, आणि कधी कधी पंपाला तोवर गाळच यायचा. त्या बाया त्यांना वेडं समजत होत्या की धूर्तपणे त्यांच्या वेडाचा फायदा घेत होत्या, कोण जाणे. एक मात्र मी कानांनी ऐकलंय. एक दिवस सर आजारी होते, आले नाहीत, तर एक बाई दुसरीला म्हणाली, "आज रांग लई लांब वाटून राहिली गं."

आता हजेरीबद्दल सांगते, कारण माझं आणि त्यांचं बिनसलं ते तिच्यावरूनच.

प्रत्येक महाकाव्यात एक कंटाळवाणी जागा असते. लढाईच्या आधी कवी सगळ्या सैन्याची नावं घेतो. कोण, कुणाचा मुलगा, कोणत्या नदीकाठचा, त्याच्या बापानं काय केलं, सगळं. आमच्या वर्गात एकानं सुचवलं, "सर, ही नावं परीक्षेला येत न्हाईत. सोडून द्या ना." सर चिडलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. "एवढी माणसं मरायला उभी आहेत, आणि तुला त्यांची नावं ऐकायला वेळ न्हाई?" एवढंच म्हणाले आणि तरातरा वर्गाबाहेर गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हजेरी घ्यायची पद्धत बदलली. रोल नंबर बंद. आम्हाला एकेकाला उभं करून बापाचं नाव, आजोबाचं नाव, गाव, गावची नदी आणि बापाच्या हातचं एक काम विचारून घेतलं. "नोकरी सांगू नका. काम सांगा," म्हणाले.

माझ्या आधीच्या मुलीचे वडील तलाठी होते. तरी तिनं "लिंबाची झाडं लावली" म्हणून सांगितलं. माझी पाळी आली. मी औसा तालुक्यातल्या एका गावची, आमच्या बौद्ध वस्तीतून कॉलेजात आलेली पहिली मुलगी. वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, रोजगार हमीच्या पाझर तलावावर दगड फोडत होते. मी खोटं सांगू शकले असते. का कोण जाणे, खरं सांगितलं, पण खालच्या आवाजात. सरांनी विचारलं, "दगड कसला?" मी म्हटलं, "काळा." "आणि तलावात पाणी?" "पाणी कुठलं सर, भिंतच चालू आहे अजून."

त्या दिवसापासून रोज तासाला हजेरी या थाटात व्हायची. इंग्रजीत, पाच ठोक्यांच्या चालीवर, एकेका मुलामागं एक लांब वाक्य. अर्धा तास त्यातच जायचा. प्राचार्यांनी दोनदा समज दिली. सरांवर ढिम्म परिणाम नाही. मुलांना मजा यायची. मला मात्र राग यायचा. बापाचं दगड फोडणं रोज चारचौघांत कशाला सांगायचं? त्यामुळं माझं वाक्य 'काळा दगड' पर्यंत आलं की मी घाईघाईनं "प्रेझेंट सर" म्हणून खाली बसायची. सर थांबायचे, चष्म्यावरून बघायचे, म्हणायचे, "वाक्य पूर्ण होऊ दे बेटा." मी मुकाट्यानं पुस्तकात डोकं घालायची. पुढं काय होतं ते मी वर्षभर ऐकलंच नाही.

निवृत्त झाल्यावर सर उमरीला परत गेले. नांदेडला कामासाठी गेले असताना मी एकदा मुद्दाम वाट वाकडी करून त्यांना भेटायला गेले होते. तोच कोट. मी पुस्तकांची चौकशी केली तर म्हणाले, वाळवी लागली. मी हळहळले. ते शांतपणे म्हणाले, "पाठ होतं तेवढंच खाल्लं तिनं. पाठ नव्हतं ते ठेवलंय. समजदार आहे." सर, तुम्ही स्वतः कधी लिहिलं नाही का, हाही जुना प्रश्न मी विचारून घेतला. "लिहिणारे पुष्कळ झाले," म्हणाले, "म्हणणारा पाहिजे." मग त्यांनी चहा मागवला. त्या वाक्यात उमरीचं स्टेशन आणि माझा प्रवास दोन्ही आले. चहा आला तेव्हा वाक्य अजून चालूच होतं.

तर, ती दुपार.

लातूर जिल्हा नवा नवा होता. कचेऱ्या कुणाच्या तरी जुन्या इमारतींत थाटलेल्या, पाट्यांचा रंग ताजा. आता उस्मानाबादला खेटे घालायला नकोत म्हणून लोक खूश होते, आणि त्यात हा दुष्काळ. मुलींच्या होस्टेलची विहीर आटली होती. शेवटी प्राचार्यांनी निर्णय घेतला की पाऊस पडेपर्यंत होस्टेल बंद, मुलींना घरी पाठवायचं. पालकांना निरोप गेले.

बाकीच्या मुलींचं मला माहीत नाही. माझं मला ठाऊक होतं. निलंग्याकडचं एक स्थळ आलेलं होतं, आणि शिकतेय म्हणूनच घरात ते थोपवून धरलं होतं. परीक्षा दोन महिन्यांवर आलेली. घरी गेले असते तर परत आले नसते. दादा वाईट नव्हते. पण वस्तीतली माणसं त्यांना माझ्या लग्नाचं रोज विचारायची, आणि ते रोज उत्तरं देऊन थकले होते. ते मला न्यायला आले तेव्हा मी ट्रंक भरून पायरीवर बसले होते, आणि रडायचं नाही असं ठरवलेलं असूनही रडत होते.

तेवढ्यात सर आले. "सगळ्या मुली चला," म्हणाले. "कलेक्टरसाहेब आज लोकांची गाऱ्हाणी ऐकून राहिलेत." प्राचार्य अर्ज घेऊन पुढं गेले होते. दादा म्हणाले, "मास्तर, आमची दोनची गाडी हाय." सर म्हणाले, "तुम्हीही चला. तुमच्याशिवाय व्हायचं नाही." दादांना काही कळलं नाही, पण कोट घातलेल्या माणसाला नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. ट्रंक खांद्यावर टाकून ते आमच्या मागं चालत आले.

दालनात ही गर्दी. जो तो पुढं होऊन एकच सांगत होता, "साहेब, पाणी द्या." साहेब दक्षिणेकडचे, मराठी नुकतीच शिकत होते. मान हलवत होते, लिहून घेत होते, थकलेले दिसत होते. आमच्या प्राचार्यांनी अर्ज दिला, साहेबांनी तो गठ्ठ्यावर ठेवला. संपलं आमचं काम. इतक्यात सर पुढं झाले. कारकून म्हणाला, "थोडक्यात सांगा."

"थोडक्यात सांगायचं असतं तर मी आलोच नसतो," सर म्हणाले आणि त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली.

पाण्याचं नाव नाही. त्यांनी सरळ आमच्या वर्गातल्या पहिल्या मुलीचं नाव घेतलं. तिच्या बापाचं, आजोबाचं, नदीचं. आम्ही एकमेकींकडं बघायला लागलो. ही तर हजेरी! वाक्य संपलं आणि ती मुलगी सवयीनं ताठ उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "प्रेझेंट सर!" सगळं दालन हसलं. ती लाजेनं लाल झाली. सरांनी दुसरीचं वाक्य घेतलं. तीही सवयीनं म्हणाली, "प्रेझेंट सर." या वेळी हसणारे कमी होते. तिसरीला कोणीच हसलं नाही. साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं होतं.

कारकून कुजबुजला, "सर, बाकीचे लोक खोळंबलेत." तर मागून पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा सरपंच म्हणाला, "चालू द्या हो. ऐकून राहिलोत आम्ही."

"कळतंय का तुम्हाला?"

"न्हाई. पर पोरीचं आन् बापाचं नाव तर कळतंय की."

माझी पाळी आली. सर 'काळा दगड' पर्यंत पोचले. मी तोंड उघडलं, आणि मिटून घेतलं. दादा मागं दाराशी ट्रंक घेऊन उभे होते. आपलं आणि आपल्या बापाचं नाव ऐकल्यावर त्यांची मान एकदम वर झाली होती. मी वाक्य पूर्ण होऊ दिलं. मग मी म्हणाले, "प्रेझेंट सर."

शेवटची मुलगी झाल्यावर साहेबांनी हलकेच विचारलं, तुम्हाला हवंय काय? सर म्हणाले, "पाणी. या इथं राहतील एवढं." साहेबांनी प्राचार्यांचा अर्ज गठ्ठ्यातून परत वर काढला आणि शेजारच्या अधिकाऱ्याशी काहीतरी बोलले. टँकर आठवड्यानं सुरू झाला आणि होस्टेल बंद झालं नाही, पण त्या क्षणी हे कुणालाच माहीत नव्हतं. साहेब फक्त "बघतो" म्हणाले होते, आणि "बघतो" तर सगळ्यांनाच मिळालेलं होतं. सर बाहेर पडून कोणाशी न बोलता चहा प्यायला निघून गेले.

कचेरीबाहेर दादांनी लिंबाखाली ट्रंक टेकवली. मग विचारलं, "काय म्हनले गं मास्तर? आपलं?"

"म्हणाले, किसनची लेक, धोंडिबाची नात, तेरणेच्या काठची."

"किसन म्हनले? किशा न्हाई?"

"किसन म्हणाले."

"आन् फुडं?"

"तिचा बाप डोंगरातला काळा दगड फोडतो."

दादांचा चेहरा उतरला. "त्ये बी सांगितलं व्हय साहेबाम्होरं."

"संपलं नाही दादा, पुढं आहे." मी शब्द जुळवत राहिले. इतकं लांब वाक्य, आणि ते आमच्या घरातल्या बोलीत आणायचं होतं. "जे पाणी अजून आभाळातून उतरलंच नाही, त्या पाण्यासाठी तो आधीच भिंत बांधून ठेवतोय. आपल्या गावाची तहान भागावी म्हणून. आणि लेकीला शिकायला ठेवलंय, तेही तसंच."

दादांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "म्या तर मजुरी मिळती म्हनून जातो," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "पर खोटं बी न्हाई त्यात." मग म्हणाले, "पुन्यांदा सांग बरं."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी सावकाश, काही न गाळता. ते खाली बघत ऐकत होते. दोनची गाडी सुटायची वेळ झाली होती, म्हणून मी डोळे पुसून स्टँडच्या रस्त्याला वळले.

"तिकडं कुठं माय?" दादा म्हणाले. त्यांनी ट्रंक खांद्यावर घेतली आणि होस्टेलकडं चालायला लागले.